खळीचे हात

वर्ष संपायच्या आत आमच्या घरच्या सगळ्या सरकत्या दारांना नवा कागद लागायचा. आई ऐंशीच्या पुढे गेली तरी हे काम तीच करायची. जुना कागद भिजवून सोलायचा, लाकडी चौकट पुसून वाळवायची, पिठाची खळ शिजवून कुंचल्याने लावायची आणि वर नवा कागद ताणून बसवायचा. लहान असताना मी तिच्या बरोबरीने खळ लावत असे. लग्न मोडून परत घरी राहायला आले, त्या वर्षीही मी बाह्या सरसावून बसले, तेव्हा तिने कुंचला माझ्यापासून दूर सरकवला. "तुझ्या हाताने सुरकुत्या पडतात," म्हणाली. तेव्हापासून माझ्याकडे बादलीतलं पाणी बदलायचं काम होतं.

त्या दिवशी मी ग्रंथालयातून दुपारीच सुटले. नववर्षाच्या सुट्टीआधीचा आमचा शेवटचा दिवस असतो तो. घरी आले तर ओसरीवर दोन दारं आडवी मांडलेली होती आणि त्यांच्यावर दोघी वाकलेल्या होत्या. कुंचला कुरिमोतोच्या हातात होता. तिच्या हातावर आईचा हात होता.

"आलीस?" आई मान न वळवता म्हणाली. "बघ, आकिहो-चानचा हात कसा हलका चालतो."

चाळिशीच्या प्राध्यापिकेला ती नावाने हाक मारत होती, आणि तीही शेजारच्या लहान मुलीला मारावी तशी.

"विद्यापीठात शिकवतात त्या," मी म्हटलं. "त्यांना कशाला कामाला जुंपतेस?"

"मी कुठे जुंपलं? तीच मागे लागली."

"लागले खरी," कुरिमोतो आईकडे बघत म्हणाली. "पण तामिए-साननी मला दोनदा नापास केलंय. हे दार बघा, पोटात हवा राहिली."

"तुम्हाला निदान परीक्षेला तरी बसू दिलं," मी म्हणाले.

हसत म्हणाले, म्हणून त्याही हसल्या. मी आत जाऊन चहाचं पाणी ठेवलं.

ही आकिहो कुरिमोतो मात्सुयामाहून यायची. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत ज्या शाळकरी मुलींना वर्गातून उठवून कारखान्यात बसवलं, त्यांच्या आठवणी ती गोळा करत होती. आमचं कावानोए कागदाचं गाव. इथल्या मुलींना कागदाचे फुगे करायला लावले होते. कागदावर कागद चिकटवून केलेले, घराएवढे फुगे. खाली बॉम्ब टांगून हिवाळ्यातल्या वरच्या वाऱ्यावर ते समुद्रापार, अमेरिकेकडे सोडत. आई त्या मुलींपैकी एक होती, हे मला कुरिमोतोच्या पहिल्या पुस्तकातून कळलं. ग्रंथालयात ते आलं तेव्हा त्याच्यावर क्रमांक मीच चिकटवला. आत वर्गाचा एक फोटो होता, आणि दुसऱ्या रांगेत माझी आई होती, डोक्याला पट्टी बांधलेली, चौदा-पंधरा वर्षांची.

संध्याकाळी तो फोटो मी तिच्यापुढे ठेवला.

"सैनिकांनी बजावलं होतं, कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत."

"युद्ध संपून पासष्ट वर्षं झाली, आई."

"मग? मी कुठे मेलेय अजून?"

एवढं बोलून तिने भात वाढला. युद्धावरची पुस्तकं मी कॉलेजपासून वाचत आले होते. सेनापतींची चरित्रं, सैनिकांच्या रोजनिशा, जळालेल्या शहरांचे अहवाल. घरातलं माणूस मात्र मला वाचता आलं नाही. आणि मग तोकी मावशीने, म्हणजे आईच्या वर्गमैत्रिणीने, कुरिमोतोला आमच्या दारात आणून सोडलं, आणि वर्षभरात आई तिच्याशी बोलायला लागली.

कुरिमोतोची रीत अशी, की पहिले कित्येक दिवस ती काही विचारतच नसे. 'मला हाताला काम द्या' म्हणायची. वाटाणे सोलायची, लोकर गुंडाळायची. ज्यांच्या हातांनी युद्ध केलं त्यांच्या आठवणी हात चालू असले की येतात, असं तिचं म्हणणं होतं. त्या वर्षी तिने खळ लावायची मागणी केली होती. माझ्या आईकडे.

चहा झाला. आईने कुरिमोतोचा पेला तिच्या ओंजळीत दिला आणि वर आपला तळवा क्षणभर ठेवला, हात गार पडलेत म्हणून. माझा पेला माझ्यापुढे चटईवर ठेवला. आमच्या घरात तसंच होतं. आई मला काही देताना खाली ठेवायची, मी ते उचलून घ्यायची. आम्ही जपानी माणसं तशीही उठसूट एकमेकांना शिवत नाही, त्यामुळे बाहेरच्या कोणाच्या हे लक्षात यायचं कारण नव्हतं. माझ्या मात्र रोज लक्षात यायचं. नवऱ्याने टाकलेल्या मुलीची तिला लाज वाटते, असा मी त्याचा अर्थ लावला होता आणि त्या अर्थाबरोबर पंचवीस वर्षं नीट काढली होती.

कुरिमोतो गेल्यावर जेवताना आई म्हणाली, "पुढच्या खेपेला तिला मुळे दे बरोबर. एकटी राहते बिचारी, बाहेरचं खाते."

"मीही एकटीच आहे."

"तू कुठे एकटी? मी आहे ना."

सकाळी ती उठली नाही. तिच्या खोलीत गेले तर कुशीवर निजली होती, पांघरूण खांद्यापर्यंत नीट. मी तिच्या कपाळाला हात लावला. तिला हात लावायला मला तेवढं कारण लागलं.

*

अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी लोक उदबत्ती वाहायला आले. मी काळ्या किमोनोत शवपेटीशेजारी बसले होते. कुरिमोतो मागे, दाराजवळ, बुटांच्या जोड्या सारख्या करत होती. ताकामात्सुहून आईची एक वर्गमैत्रीण आली, पाठीत वाकलेली. ती सरळ कुरिमोतोसमोर बसली आणि तिने कपाळ चटईला टेकवलं.

"फार केलंत हो आईचं. तुमच्याबद्दल सारखी बोलायची. शाळेच्या मेळाव्याला तुम्हीच गाडीतून आणायचात ना? म्हणायची, माझी पोर आहे, हिच्याशी बोलताना जीव हलका होतो."

कुरिमोतोचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही... मुलगी त्या आहेत."

म्हातारीने माझ्याकडे वळून बघितलं. "हो का," म्हणाली. "मग तुम्ही त्या." आणि मलाही नमस्कार केला, पण कपाळ तेवढं खाली गेलं नाही.

तोकी मावशीने ते ऐकलं. माझ्याजवळ सरकून बसली. "मनावर घेऊ नकोस. त्या बाईला शाळेतही आपलं बाक सापडायचं नाही." मग शवपेटीकडे बघून म्हणाली, "आणि ही बघ. तेव्हाही रांगेत मधेच घुसायची, आत्ताही माझ्या पुढे घुसली."

मी हसले. माझ्या मनात मात्र ते तिथेच राहिलं. माझी पोर आहे. जीव हलका होतो.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून अस्थी आणल्या आणि देव्हाऱ्यासमोर पांढऱ्या कापडातला कलश ठेवला. बर्फ वितळून डोंगरावरच्या थडग्यापर्यंतची वाट मोकळी होईपर्यंत तो घरीच राहणार होता. त्यानंतर दर सातव्या दिवशी भिक्षू यायचे, मंत्र म्हणायचे, आणि दर सातव्या दिवशी मात्सुयामाहून कुरिमोतोही यायची. उदबत्ती लावायची, हात जोडायची. मग माझ्यासमोर बसायची, आणि आम्ही हवेबद्दल बोलायचो. यंदा थंडी जास्तच आहे. हो, जास्तच आहे खरी. रस्त्यावर बर्फ होता का. नव्हता फारसा. पेला रिकामा झाल्यावरही ती थोडी जास्तच थांबायची, काही ऐकायचं राहून गेल्यासारखी, आणि मग उठायची.

तिच्याजवळ काहीतरी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी आई तिच्याजवळ होती. जी मला मिळाली नाही ती सगळी. मी एक शब्द विचारला असता तर तिने सांगितलं असतं, आणि तो एक शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. विचारणं म्हणजे मान्य करणं, की माझ्या आईबद्दल काही जाणून घ्यायचं तर मला तुमच्या दारात यावं लागतं.

"अगं, विचार की तिला," तोकी मावशी म्हणाली. "इतकी येते, नुसता चहा पिऊन जाते. चहा काय मात्सुयामात मिळत नाही?"

"तिला सांगायचं असेल तर सांगेल."

"तशी सांगणारी नाही ती. मी विचारून पाहिलं. मला म्हणते, ते माझं नाही सांगायला."

"मग कोणाचं आहे?"

"मला काय विचारतेस? मी बालवाडीपासून तुझ्या आईबरोबर होते. माझ्याशीही ती फुग्यांचं बोलायची नाही. मीही नाही. दोघी शेजारी उभ्या राहून मासळी घ्यायचो आणि भावावरून भांडायचो. तू आईवर गेलीस. तोंडात दगड धरून बसायचं."

रात्री निजताना मी त्या दोघींना डोळ्यांपुढे आणायची. ओसरी, वाटाण्यांची टोपली, मध्ये आवाज टिपणारं तिचं छोटं यंत्र. आई बोलते आहे आणि कुरिमोतो मान हलवते आहे. मग आई तिचा हात धरते. इथे मी दिवा लावायची आणि वाचायला काहीतरी घ्यायची.

*

एकोणपन्नासाव्या, सुतकाच्या शेवटच्या दिवशी जेवण होतं. मोजकीच माणसं होती. तोकी मावशी आणि आईच्या आणखी दोघी वर्गमैत्रिणी, भिक्षू, कुरिमोतो. अशा दिवशी मासमच्छी चालत नाही, म्हणून मी गावातल्या हॉटेलातून शाकाहारी ताटं मागवली. त्यातलं पहिलं उघडून आईच्या फोटोपुढे ठेवलं. तीळ घातलेलं टोफू, उकडलेला मुळा, मशरूम, आणि गोडसर रश्शात शिजवलेले कोन्न्याकूचे करडे, लिबलिबीत तुकडे.

भिक्षूंचे मंत्र संपले. सगळे ताटांशी बसले. कोणी जेवायला सुरुवात करेना. तिघी म्हाताऱ्या फोटोपुढच्या ताटाकडे बघत होत्या.

पहिल्यांदा तोकी मावशी हसली. खांदे हलायला लागले तिचे. "अगं सायो," ती म्हणाली, "तामिएला कोन्न्याकू वाढलंस?"

दुसरीही हसायला लागली. "आता उठते बघ ती. ताट फेकते."

"काय झालं?" मी विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत कुरिमोतो उठली होती. तिने देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले, ताटातली ती वाटी उचलली, तिच्या जागी आपल्या ताटातली मुळ्याची वाटी ठेवली, आणि नमस्कार करून परत आली. कोणाचा अपमान होऊ नये अशा बेताने, अगदी हळू. मग तिघी म्हाताऱ्यांच्या ताटांतल्या त्याच वाट्याही तिने गोळा करून स्वयंपाकघरात नेल्या, आणि त्यांनी त्या नेऊ दिल्या, घरच्या सुनेने न्याव्यात तशा.

माझ्या घरात, माझ्या आईच्या दिवशी, मी वाढलेलं ती काढून ठेवत होती आणि तेच बरोबर होतं. माझे कान गरम झाले. मी उरलेलं जेवण वाढलं, सूप वाढलं, भिक्षूंना दारापर्यंत पोचवलं. जाताना तोकी मावशीने माझा दंड दाबला. "चूक नाही हो तुझी. तुला कुठे माहीत असणार," म्हणाली. त्याचंच तर दुःख होतं.

सगळे गेल्यावर कुरिमोतो स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी पुसायला उभी राहिले. खिडकीत दुपारचं ऊन होतं.

"ते का नाही वाढायचं तिला?" मी म्हटलं.

तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे वळली. हात तसेच ओले.

"तुम्ही विचारलंत," ती म्हणाली.

"विचारलं."

"तामिए-सान म्हणाल्या होत्या, 'मी गेल्यावर सायोने विचारलं तर सगळं सांग. नाही विचारलं तर एक अक्षर बोलू नकोस, आणि विचार म्हणून सुचवूही नकोस.' मला वाटायला लागलं होतं, आज शेवटचंच येणं."

मी स्टुलावर बसले. ती उभीच राहिली.

फुग्यांचा कागद चिकटवायला कोन्न्याकूच्याच कंदाची खळ वापरत, ती म्हणाली. थंडगार खळीत हात बुडवायचे, ती कागदावर पसरायची, आणि तळव्याने मधून कडेकडे सारखी करत आणायची, आतली हवा निघेपर्यंत. कडाक्याच्या हिवाळ्यात मुलींच्या बोटांच्या चिरा बुजत नसत. पोटात अन्न नसायचं, म्हणून लपून ती खळच खायच्या. आईला एकदा पकडलं होतं आणि सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्यानंतर त्या वर्गातल्या कोणी ते तोंडात घातलं नाही.

"एवढंच?" मी म्हटलं. "एवढं माझ्यापासून लपवायचं?"

"नाही. एवढं नाही." तिने हात पुसले. "तुम्हाला दिवस गेले होते, तेव्हाचं आहे."

हातातलं फडकं मी मांडीवर ठेवलं.

"पाचव्या महिन्यात रिवाजाप्रमाणे, बाळ सुखरूप राहावं म्हणून, त्यांनी तुमच्या पोटाला कापडी पट्टा बांधला. पांढरा, नवा. बांधून झाल्यावर तो सारखा केला. मधून कडेकडे, तळव्याने. त्या म्हणाल्या, 'करताना मला कळलंही नाही मी काय करतेय. हात आपोआप गेले.' सातव्या महिन्यात तुमचं बाळ गेलं. त्याच हिवाळ्यात पेपरात आलं, की युद्धाच्या शेवटी त्या फुग्यांपैकी एक अमेरिकेतल्या जंगलात पडला होता, आणि सहलीला आलेली मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक बाई त्यात मेली. ती बाई गरोदर होती."

बाहेर कोणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं.

"तामिए-सान म्हणाल्या, 'तो फुगा माझ्या हातचा होता की दुसरीच्या, ते कोण सांगणार. पण हात तेच होते, आणि तेच मी माझ्या पोरीच्या पोटावरून फिरवले.' त्यानंतर त्यांनी तुम्हाला हात लावला नाही. मी म्हटलं, असं नसतं हो. मी शिकलेली, मला ते सोपं होतं म्हणायला. त्या म्हणाल्या, 'नसेलही. पण मी पुन्हा करून बघणार नाही.'"

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. ते आईबद्दल नव्हतं.

"हे सांगताना तिने तुमचा हात धरला होता?"

"हो."

"तुमचं काही वाईट होईल असं नाही वाटलं तिला?"

"मी त्यांची कोणी नव्हते," ती म्हणाली. "माझ्या बाबतीत त्यांना गमवायचं काही नव्हतं. तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल का, माहीत नाही."

बरं वाटलं नाही. आईने मला काय मानलं होतं ते कळलं, आणि तरीही तो हात हिला मिळाला होता, मला नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. एकाने दुसरं खोडून निघत नव्हतं.

"पुस्तकात घालायला तुम्हाला माझी परवानगी लागेल," मी म्हटलं.

"लागेल. पण त्यासाठी मी येत नव्हते."

"ठाऊक आहे. खळीचं घाला. उपाशी मुलींचं घाला, तिला उभं केलं तेही घाला. पट्ट्याचं नका घालू. ते माझं आहे. लिहायचं झालं तर मी लिहीन."

"बरं," ती म्हणाली. "पुस्तकात त्याचा उल्लेखही करणार नाही."

मी तिला मुळे दिले. बुटांत पाय घालताना ती एका हाताने भिंतीला धरत होती, आणि तिची पाठ माझ्याकडे होती. ती मला कधी आवडायला लागेल की नाही, सांगता येत नव्हतं. "पुन्हा या," एवढं मात्र मी म्हणाले, आणि ते नुसतं रीत म्हणून नव्हतं.

घरात आले. आईच्या फोटोपुढे मुळ्याची वाटी होती, कुरिमोतोच्या ताटातली. मी ती तशीच राहू दिली.

मी सहा-सात वर्षांची असताना आई मला गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक स्नानगृहात न्यायची. गर्दीच्या वेळी, वाफेत, छोट्या लाकडी स्टुलावर मी बसायची आणि ती मागे बसून माझी पाठ चोळायची. मी काही मागायची गरज नसे. नुसती पाठ वळवली की झालं. पुढे मी घरी परत आल्यावर दोघी एकदाच तिथे गेलो होतो. मी स्टुलावर बसले, पाठ वळवली आणि वाट बघितली. मागे पाण्याचा आवाज येत राहिला. वळून बघितलं तर ती आपलं आपण अंग धूत होती, माझ्यापासून दोन नळ पलीकडे. माझी पाठ मी धुतली. त्यानंतर तिथे गेलो नाही.

देव्हाऱ्याकडे पाठ करून बसत नाहीत. मी बसले. अस्थिकलश माझ्या मागे, हाताच्या अंतरावर होता. घरात कोणी नव्हतं, तरी आवाज पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"आई," मी मोठ्याने म्हटलं, "जरा हात फिरव ना माझ्या पाठीवरून."